घराणं शोधायचं तर आधी कारकून शोधा: फ्रेंच वसाहतींतली आडनावं

बियॉन्से हे नाव जगाला गायिकेचं पहिलं नाव म्हणून ठाऊक आहे. खरं तर ते तिच्या आईचं माहेरचं आडनाव. आई टीना नोल्स यांनी २०२० साली एका मुलाखतीत सांगितलं की त्यांच्या सगळ्या भावंडांच्या जन्मदाखल्यांवर हे आडनाव सारखं नाही. काहींचं स्पेलिंग ‘बियॉन्से’, तर काहींचं ‘बेयिन्से’. मोठेपणी त्यांनी आईला विचारलं, मग दुरुस्त का नाही करून घेतलंस? आई म्हणाली, पहिल्या वेळी सांगून पाहिलं होतं, तेव्हा ‘दाखला मिळतोय यातच आनंद माना’ असं ऐकावं लागलं. वर्णभेदाच्या काळातल्या कृष्णवर्णीय कुटुंबाला याहून जास्त बोलायची सोय नव्हती. तिथून पुढे एकाच आईबापांच्या मुलांची दोन आडनावं झाली.

हे घराणं मूळचं लुईझियानातलं, म्हणजे एके काळच्या फ्रेंच वसाहतीतलं. फ्रेंच वसाहतींमधली वंशावळ शोधणाऱ्याने या किश्श्यातून एक गोष्ट उचलावी. आडनाव बापाकडून मुलाकडे आपोआप येतं, असं धरून चाललं की दोन-तीन पिढ्यांत रस्ता संपतो. या मुलुखांत आडनाव बहुतेकदा एका ठरावीक दिवशी, एका ठरावीक माणसाने कागदावर लिहिल्यामुळे पक्कं झालेलं असतं. तो माणूस कधी पाद्री, कधी पलटणीचा कारकून, तर कधी गुलामांच्या मुक्तीनंतर वही उघडून बसलेला सरकारी अधिकारी. तो कोण आणि तो दिवस कुठला, हे कळलं की मागची वाट मोकळी होते.

सुदैवाने फ्रेंचांना कागदाचं वेड फार. राजा पहिला फ्रांस्वा याने १५३९ साली हुकूम काढला की पाद्र्यांनी बाप्तिस्म्यांची नोंद ठेवावी. १५७९ मध्ये त्यात लग्नं आणि दफनं आली. १६६७ पासून प्रत्येक वही दोन प्रतींत ठेवायची, एक चर्चमध्ये आणि दुसरी न्यायालयात, असा नियम झाला. दुसऱ्या प्रतीचं महत्त्व क्वेबेकमध्ये त्याआधीच कळून चुकलं होतं. १६४० साली तिथलं चर्च जळालं, सुरुवातीच्या वर्षांच्या वह्या राख झाल्या आणि पाद्र्यांना त्या नोंदी आठवणीतून पुन्हा लिहाव्या लागल्या.

उष्ण मुलुखांत आगीखेरीज कसर, दमट हवा, वादळं आणि युद्धंही होती. म्हणून १७७६ साली राजाने आज्ञा केली की वसाहतींमधल्या नोंदींची एक जादा प्रत जहाजाने व्हर्सायला पाठवायची. त्या प्रती आज दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हान्स या शहरात, सागरापारच्या प्रदेशांच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. त्यांची पानं इंटरनेटवर फुकट पाहता येतात. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटापासून पाँडिचेरी, कारैकल, माहे, यानम, चंद्रनगरपर्यंतची पानं त्यात सापडतात.

क्रांतीनंतर, १७९२ साली, जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदी चर्चकडून नगरपालिकेकडे गेल्या आणि दर दहा वर्षांची नाववार यादी करायची पद्धत पडली. शोध सुरू करताना आधी ही दहा वर्षांची यादी पाहायची, मूळ पान नंतर. ७५ वर्षांच्या आतल्या जन्माच्या आणि लग्नाच्या नोंदी सगळ्यांना खुल्या नसतात, तिथे नातं सिद्ध करावं लागतं. आणि पान हाती लागलं की समास आधी वाचायचा. १८९७ पासून जन्मनोंदीच्या समासात लग्नाची नोंदही करू लागले, त्यामुळे एकाच पानावर माणसाचं अर्धं आयुष्य मिळतं.

एका माणसाची दोन आडनावं

आता कॅनडातल्या ‘नव्या फ्रान्स’कडे येऊ, म्हणजे आजच्या क्वेबेककडे. १६०८ साली वसलेली ही वसाहत १७६३ मध्ये इंग्रजांकडे गेली, पण कॅथलिक चर्चच्या वह्या तशाच चालू राहिल्या. इथे लग्नाची नोंद म्हणजे सोन्याची खाण. तिच्यात नवरा आणि नवरी दोघांच्याही आईवडिलांची नावं आणि त्यांचं चर्च लिहिलेलं असतं. एक लग्न सापडलं की एक पिढी मागे जाता येतं. त्या आईवडिलांचं लग्न शोधलं की आणखी एक पिढी.

हे सगळं सुरळीत चालतं आणि मग एका पिढीत आडनावच गायब होतं. बापाचं एक, मुलाचं भलतंच. नवशिक्याला वाटतं, दत्तक असेल किंवा काही लपवाछपवी असेल. बहुतेक वेळा कारण साधं असतं: त्या घराण्याला दोन आडनावं होती. पहिलं मूळचं, दुसरं ‘दी’ या शब्दानंतर येणारं, म्हणजे आपलं ‘उर्फ’.

हे उर्फ कुठून आलं? बऱ्याचदा पलटणीतून. १६६५ साली इरोक्वा टोळ्यांशी लढायला करिन्यां-सालिएर नावाची पलटण फ्रान्समधून आली, सुमारे १,२०० शिपायांची. मोहीम संपल्यावर त्यातले ४०० च्या आसपास तिथेच राहिले. फ्रेंच शिपायाला भरती होताना टोपणनाव मिळत असे. एका तुकडीत दहा ज्याँ आणि दहा पिएर असल्यावर हजेरी घ्यायची कशी? मग लाफ्लर म्हणजे फूल, लात्युलिप म्हणजे ट्युलिप, सान्सुसी म्हणजे बिनधास्त, जोलिकर म्हणजे दिलदार अशी नावं पडली. शिपाई शेतकरी झाला, जमीन घेतली, लग्न केलं, पण टोपणनाव सुटलं नाही. मुलांनी कुणी बापाचं मूळ आडनाव लावलं, कुणी टोपणनाव, कुणी दोन्ही.

एक सावधगिरी इथेच. अशी फुलापानांची नावं तुकडी-तुकडीत पुन्हा पुन्हा दिली जात. लाफ्लर आडनावाची दोन माणसं भेटली म्हणून ती भाऊबंद ठरत नाहीत. दोघांचे पूर्वज वेगळ्या गावचे आणि वेगळ्या रक्ताचे असू शकतात.

एक उदाहरण जवळून पाहू. क्वेबेकमधल्या सहकारी पतपेढ्यांचे जनक आल्फोंस देजार्दें यांनी १९०० साली लेव्ही गावात पहिली पेढी काढली. आज देजार्दें हे तिथलं घरोघरचं नाव आहे. पण त्यांच्या वडिलांचं नाव कागदोपत्री फ्रांस्वा रुआ उर्फ देजार्दें. घराण्याचा मूळपुरुष आंत्वान रुआ हा त्याच १६६५ च्या पलटणीतला शिपाई. आईचं नाव क्लारीस मिव्हिल उर्फ देशेन. म्हणजे एका माणसाच्या मागे चार आडनावं उभी. तुम्ही फक्त ‘देजार्दें’ टाकून शोधलंत तर जुन्या पिढ्या हातून निसटणार, कारण त्या ‘रुआ’खाली नोंदलेल्या असू शकतात. आणि रुआ म्हणजे राजा. अमेरिकेत गेलेले कित्येक रुआ पुढे ‘किंग’ झाले, ते तिसरं प्रकरण.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. मूळ आडनाव एक, पुढे कुणा पूर्वजाला कुलकर्णीपण मिळालं म्हणून एक शाखा कुलकर्णी, दुसरी गाव सोडून गेली म्हणून गावाच्या नावाची ‘कर’, आणि कुलवृत्तांत उघडला की सगळे एकाच गोत्राचे आणि एकाच कुलदैवताचे. फरक इतकाच की आपल्याकडे गोत्र आणि कुलदैवत विचारून खातरजमा करता येते, तिकडे लग्नाच्या नोंदीवाचून इलाज नाही.

शोधताना मग काय करायचं? दोन्ही आडनावांनी शोधायचं. एकच माणूस बाप्तिस्म्याला हुदों, लग्नाला हुदों उर्फ ब्योल्यू आणि दफनाला नुसता ब्योल्यू असा भेटू शकतो. भावंडांची लग्नंही शोधायची, कारण एखाद्या भावाच्या नोंदीत पाद्र्याने उर्फासकट पूर्ण नाव लिहिलेलं असतं. या कामात मोठी मदत आधीच होऊन बसली आहे. सिप्रियां तांगे या पाद्र्याने १८७१ ते १८९० मध्ये क्वेबेकच्या घराण्यांचा सात खंडांचा कोश छापला, आणि मॉन्ट्रियल विद्यापीठाने १९६६ पासून जुन्या चर्चनोंदी संगणकावर जोडून माणसामाणसांची कुटुंबं जुळवली. तांगे यांच्या कोशात चुका आहेत, त्याला दिशा दाखवण्यापुरता वापरा, पुरावा म्हणून नको.

१८४० ते १९३० या काळात सुमारे ९ लाख लोक क्वेबेक सोडून अमेरिकेत, मुख्यतः न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेले. तिथे ब्वाव्हेरचा ग्रीनवुड झाला आणि लब्लांचा व्हाइट. अमेरिकेतल्या एखाद्या व्हाइटला आपण फ्रेंच आहोत याची कल्पनाही नसते.

बायकांचं आडनाव बदलत नाही

आपल्याकडे जुन्या वंशावळींत बाईचा पत्ता लागणं किती कठीण! लग्नात आडनाव गेलं, कधी पहिलं नावही गेलं, आणि वंशवृक्षावर तिच्या जागी नवऱ्याच्या नावापुढे एक रेघ. फ्रेंच कागदांत उलटं असतं. व्यवहारात बाई ‘मादाम अमुक’ म्हणवून घेई, पण पाद्री आणि नोटरी तिला मरेपर्यंत माहेरच्याच नावाने लिहीत. दफनाच्या नोंदीत ‘क्लारीस मिव्हिल, अमक्याची पत्नी’ असंच. क्रांतीनंतर, ऑगस्ट १७९४ मध्ये, कायदाच झाला की जन्मनोंदीतल्या नावाशिवाय दुसरं नाव कुणी धारण करू नये. क्वेबेकने तर १९८१ पासून लग्नानंतर दोघांनी आपापलं जन्मनाव वापरणं बंधनकारक केलं.

त्यामुळे आई, आजी, पणजी अशी नुसत्या बायकांची साखळी क्वेबेकमध्ये सहज मागे नेता येते. ती बहुधा ‘राजाच्या मुली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांपैकी एकीपाशी थांबते. वसाहतीत पुरुष जास्त आणि बायका कमी, म्हणून चौदाव्या लुईने १६६३ ते १६७३ मध्ये सुमारे ७७० तरुण मुली सरकारी खर्चाने पाठवल्या. बऱ्याच जणी अनाथ किंवा गरीब घरच्या होत्या. त्यांनी लग्नाआधी नोटरीपुढे करार केले आणि त्या करारांत फ्रान्समधलं गाव, वडिलांचा धंदा आणि सोबत आणलेलं सामानसुमान लिहिलेलं आहे. काहींनी करार मोडून दुसऱ्याच नवऱ्याशी केल्याचेही कागद आहेत. चर्चच्या वहीपेक्षा नोटरीचं दप्तर वाचायला मजेचं असतं, हे माझं प्रामाणिक मत.

जाता जाता एक भ्रम दूर करतो. आडनावाआधी ‘द’ आलं म्हणजे घराणं सरदाराचं, असं नाही. शेताच्या नावावरूनही ‘द’ लागतं.

जिथे आडनाव नव्हतंच

इथवर ज्यांना आडनाव होतं त्यांची गोष्ट झाली. रियुनियन आणि कॅरिबियन समुद्रातली मार्टिनिक, ग्वादलूप या बेटांवर बहुसंख्य माणसांना ते नव्हतं, कारण ती गुलाम होती. त्यांच्या नोंदीत पहिलं नाव, वय, मालकाचं नाव आणि पुढे एक क्रमांक. १७७३ साली सां-दोमांग वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, नियमच काढला होता की मुक्त झालेल्या मिश्रवर्णीयांनी गोऱ्यांचं आडनाव लावायचं नाही. आफ्रिकी भाषेतलं घ्यावं, नाहीतर धंद्यावरून किंवा रंगावरून. काहींनी बापाच्या आडनावाची अक्षरं थोडी इकडेतिकडे करून वाट काढली.

२७ एप्रिल १८४८ च्या हुकुमाने फ्रेंच वसाहतींतली गुलामगिरी संपली. रियुनियनमध्ये सार्दा गारिगा या कमिशनरने २० डिसेंबरला मुक्तीची घोषणा केली आणि ६० हजारांहून जास्त माणसं स्वतंत्र झाली. बेटाच्या निम्म्याहून अधिक लोकवस्ती! आता हे नागरिक, म्हणून प्रत्येकाला आडनाव हवं, आणि तेही लगोलग. अधिकारी वह्या घेऊन बसले. गोऱ्या घराण्यांची नावं द्यायची नाहीत, एवढं पथ्य. मग पंचांगातले संत, रोमन इतिहास, झाडं, महिने, मालकाच्या नावाची उलटापालट, जे सुचेल ते. काही पानांवर एकाच अक्षराने सुरू होणारी नावं ओळीने दिसतात. कारकुनाचा कंटाळा पानावर उतरलेला.

रियुनियनमधला एदमों त्यातलाच. १८२९ च्या सुमारास सेंत-स्युझान इथे जन्मलेला, आई बाळंतपणात गेलेली, मालक फेरेओल बेलिए-बोमों याच्या बागेत वाढलेला. मूळची मेक्सिकोची व्हॅनिलाची वेल बेटावर आणली होती, फुलं येत, पण शेंग धरत नसे. १८४१ साली, बाराएक वर्षांच्या या पोराने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायची युक्ती शोधून काढली. आजही जगभर व्हॅनिला याच पद्धतीने पिकतो. बेट श्रीमंत झालं. सात वर्षांनी एदमों मुक्त झाला तेव्हा त्याला आडनाव मिळालं ‘अल्बियुस’, लॅटिनमधल्या पांढऱ्या रंगावरून. काळ्या मुलाला पांढरं आडनाव! देणाऱ्याच्या मनात व्हॅनिलाचं फूल होतं की थट्टा, कोण जाणे. १८८० मध्ये तो गरिबीतच वारला.

अल्बियुससारख्या घराण्याचा वंशज शोध घेतो तेव्हा १८४८ ची ती वही म्हणजे त्याचा पूल. तिच्यात नवं आडनाव आणि जुना क्रमांक शेजारी शेजारी मिळतात, पुष्कळदा आईचं नावही. पुलाच्या पलीकडे मात्र आडनावाने शोधणं व्यर्थ. तिकडे मालकाच्या आडनावाने जायचं: त्याच्या मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी, जमिनीचं खरेदीखत, मुलीला दिलेला हुंडा. गाई-बैल, कढया आणि माणसं एकाच यादीत, पुढे किंमत लिहिलेली. वाचताना त्रास होतो, पण पणजीच्या आईचं नाव दुसरीकडे कुठेच नसतं.

आणखी एक खाच: आडनाव एक म्हणजे नातं, हे इथे मुळीच लागू नाही. लहान मुलांना सहसा आईचं नवं आडनाव मिळालं, पण वेगवेगळ्या मालकांकडे असलेली मोठी सख्खी भावंडं वेगवेगळ्या पानांवर वेगवेगळी आडनावं घेऊन उभी आहेत.

रियुनियनचे कागद चाळताना बेटाचं नावही सांभाळावं लागतं. आधी बूर्बों, १७९३ पासून रियुनियन, १८०६ पासून बोनापार्त, इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर पुन्हा बूर्बों, १८४८ पासून परत रियुनियन. शिवाय १७९३ ते १८०५ च्या दरम्यान तारखा क्रांतीच्या कॅलेंडरप्रमाणे. ‘६ फ्रुक्तिदोर, वर्ष २’ म्हणजे २३ ऑगस्ट १७९४. तक्ते मिळतात, डोक्यात गणित करत बसू नका.

पाँडिचेरी ते मॉरिशस

पाँडिचेरीत गोष्ट वेगळी, कारण इथे आडनाव माणसांनी स्वतः मागून घेतलं. तमिळ पद्धतीत घराण्याचं आडनाव असं नसतं, बापाच्या नावाचं आद्याक्षर आणि स्वतःचं नाव. २१ सप्टेंबर १८८१ च्या हुकुमाने फ्रेंचांनी सवलत दिली: आपला जातिधर्माचा कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा स्वीकारायचा असेल तर तसं लिहून द्या, आणि त्याच वेळी एक आडनाव ठरवा. एकदा सही केली की माघार नाही, पुढच्या पिढ्याही बांधल्या गेल्या. अशांना ‘रनोंसां’ म्हणजे त्याग करणारे म्हणत. या चळवळीचे पुढारी वकील पोन्नुतंबी पिल्लै. १८७३ साली ते युरोपीय बूट घालून न्यायालयात आले म्हणून न्यायाधीशाने त्यांना अडवलं होतं, तेव्हा ते पॅरिसपर्यंत भांडून जिंकले. त्यांनी आडनाव घेतलं ‘लापोर्त’, म्हणजे दार. दलित आणि ख्रिस्ती कुटुंबांतले अनेकजण त्यांच्या मागून गेले. कुणी फ्रेंच नाव घेतलं, कुणी बापाचं तमिळ नावच कायम केलं.

पाँडिचेरीच्या घराण्याचा शोध त्या सहीच्या कागदापाशी येतो. फ्रेंच नागरिकत्व सिद्ध करतानाही तोच कागद मोलाचा. पुष्कळ रनोंसां सैगोनमध्ये नोकरीला होते, तेव्हा पाँडिचेरीत नोंद मिळाली नाही तर व्हिएतनामच्या वह्या पाहायच्या. १६ ऑगस्ट १९६२ ला ही वसाहत कायद्याने भारतात आली आणि लोकांना फ्रेंच राहायचं की नाही हे ठरवायला सहा महिने मिळाले. फ्रेंच राहिलेल्यांच्या अलीकडच्या नोंदी फ्रान्समधल्या नांत शहरातल्या कार्यालयात आहेत. तमिळ नाव फ्रेंच कानाने लिहिलेलं असतं हे ध्यानात ठेवायचं: ‘उ’ साठी ओ आणि यू, ‘ज’ साठी डी आणि जे. इंग्रजी वळणाने शोधलंत तर यंत्र ‘सापडलं नाही’ म्हणेल.

मराठी घरांचा या सगळ्याशी खरा संबंध येतो तो मॉरिशसमध्ये. १७१५ पासून फ्रेंचांचं असलेलं हे बेट १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकलं, पण तिथला फ्रेंच नागरी कायदा आणि नोंदणीची रीत तशीच ठेवली. १८३४ नंतर गिरमिटिया मजूर आले तेव्हा मुंबई बंदरातून कोकणातले मराठी लोकही गेले. त्यांची नोंद ‘अमुक, वडील तमुक’ एवढीच. पुढे मूल जन्मलं की नोंदणीला आडनावाचा रकाना भरावाच लागे, आणि त्यात बापाचं किंवा आज्याचं पहिलं नावच जाऊन बसलं. तिथल्या हिंदू आडनावांतली कितीतरी अशीच आपली पहिली नावं आहेत. मॉरिशसला दोन पंतप्रधान देणारं जगनॉथ घराणं आठवा. ते भोजपुरी, पण रीत तीच.

म्हणून मॉरिशसच्या मराठी नातलगाने मूळ गाव विचारलं तर आडनावाने रत्नागिरी धुंडाळण्यात अर्थ नाही, ते आडनाव इथे कधी नव्हतंच. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या आहेत. त्यात प्रत्येकाचा क्रमांक, जहाज, वय, जात, बापाचं नाव, जिल्हा आणि गाव, आणि १८६० च्या दशकापासून पुढच्यांचे फोटोसुद्धा. आधी कुटुंबाच्या जुन्या दाखल्यावरून तो क्रमांक मिळवायचा. मग गावाचं नाव मोठ्याने वाचायचं, कारण कारकुनाने ते ऐकून लिहिलंय. डोळ्याला परकं वाटणारं नाव कोकणातल्या माणसाला ऐकून लगेच ओळखू येतं.